उणे गुणिले उणे आणि चोवीस इंचांची कमर

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी राहते. घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, परकर-पोलकी, लहान मुलींचे घेरदार फ्रॉक. माझी मुलगी सातवीत आहे. अभ्यासात बरी आहे, पण गेल्या महिन्यापासून गणिताची वही उघडली की रडवेली होते. सुरुवात झाली ‘उणे गुणिले उणे बरोबर अधिक’ इथून. तिनं वर्गात विचारलं, ‘सर, दोन कर्जांचा गुणाकार केला तर हातात पैसे कसे येतील?’ वर्ग हसला. सर म्हणाले, नियम आहे, पाठ कर. घरी येऊन तिनं मला विचारलं. मी काय सांगणार? दहावीला माझा गणितच राहिला होता. आता ती म्हणते, ‘आई, गणित खरं असतं की कुणीतरी बनवलेलं? बनवलेलं असेल तर मी ते का मानू?’ सासूबाई म्हणतात, मुलगी आईवर गेली. तिला क्लास लावावा का? आणि तिच्या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ? फ्रॉकचा घेर कापताना कमरेचा सहावा भाग घ्यायचा आणि त्यातून पाव इंच कमी करायचा, एवढंच मला येणारं गणित.

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. त्या पाव इंचाकडे मी येणारच आहे. आधी लेकीचं बोलू, कारण वर्ग तिला हसला आणि हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तिचं म्हणणं बरोबर आहे. दोन कर्जांचा गुणाकार केला तर पैसे येत नाहीत. मुळात दोन कर्जांचा गुणाकार होतच नाही. पाच रुपये गुणिले तीन रुपये, असं आपण कधी करतो का? पाच रुपयांची एक पेन्सिल, अशा तीन घेतल्या, म्हणून पंधरा रुपये. इथे पाच हे रुपये आहेत, तीन हे रुपये नाहीत, ‘किती वेळा’ आहे. कापडाची लांबी-रुंदी गुणली की चौरस इंच होतात, तेवढं ठीक. पण चौरस रुपया कुठल्याच बाजारात चालत नाही. गुणाकारातल्या दोन संख्या दोन वेगळी कामं करतात, आणि हे तिला कुणी सांगितलं नाही. म्हणून दोन्ही उणे तिला कर्जच वाटले. मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही अशी अडचण तिनं पकडली आहे.

म्हणजे एक उणे कर्जाचं, खर्चाचं, उतरण्याचं असू शकतं. दुसरं उणे ‘किती वेळा’चं असायला हवं. आता ‘उणे तीन वेळा’ म्हणजे काय? ते हातानं करून बघता येतं. त्यासाठी एक उदबत्ती लागेल.

पंखा बंद करा. तांदळाच्या वाटीत उदबत्ती सरळ खोचा. तिच्यामागे पुठ्ठ्याला चिकटवलेला पांढरा कागद उभा करा, जळत्या टोकापासून दोन बोटं लांब. पेटवा, घड्याळ लावा. दर पाच मिनिटांनी निखारा जिथे असेल त्याच्या रेषेत लेकीनं कागदावर पेन्सिलची खूण करायची. उदबत्ती बऱ्यापैकी एकसारखी जळते, म्हणूनच चीन आणि जपानमध्ये कित्येक शतकं धूप जाळून वेळ मोजत असत. समजा तुमची उदबत्ती पाच मिनिटांत दोन सेंटिमीटर उतरते. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल, तर तोच घ्या, माझा घेऊ नका.

अर्धी जळाली की थांबून त्या खुणेपाशी लिहायचं, ‘आत्ता, ०’. मग तिला विचारा : पाच-पाच मिनिटं अजून तीन वेळा गेली की निखारा कुठे असेल? ती सांगेल, सहा सेंटिमीटर खाली. म्हणजे ३ × (−२) = −६. इथवर तिला काही अडचण नाही, हे तिच्या पुस्तकातही आहे. आता विचारा : तीन वेळा मागे जा. पंधरा मिनिटांपूर्वी निखारा कुठे होता? ती वर बघेल. तिथे तिची स्वतःची खूण असेल, शून्याच्या सहा सेंटिमीटर वर. तीन वेळा मागे, म्हणजे −३. दर खेपेला दोन उतरतंय, म्हणजे −२. आणि खूण आहे अधिक सहावर.

(−३) × (−२) = +६

हे सरांनी ठरवलेलं नाही, पुस्तकानंही नाही. पेन्सिल तिची, खूण तिची. एक उणे म्हणतं ‘उतरतंय’ आणि दुसरं म्हणतं ‘मागे वळून बघ’. उतरणाऱ्या गोष्टीकडे मागे वळून बघितलं की ती वरच दिसते.

मग पैशांवर या, कारण तिचा प्रश्न पैशांचा होता. समजा तुमच्या मशीनचा हप्ता दरमहा ५०० रुपये जातो. तीन महिन्यांनी आजच्यापेक्षा १५०० कमी असतील. तीन महिन्यांपूर्वी आजच्यापेक्षा १५०० जास्त होते. ‘हातात पैसे कसे येतील’ याचं उत्तर एवढंच : ते येत नाहीत, ते होते.

कर्जाचं उदाहरण तिच्या डोक्यात आलं, याचं कारण आपल्या भाषेतच आहे. पुस्तकात धन संख्या आणि ऋण संख्या म्हणतात. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. हे शब्द वापरून बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये लिहिले. ते भिल्लमालचे, आजच्या राजस्थानातलं भीनमाळ. ऋणाला ऋणानं गुणलं की धन होतं, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी ज्यानं हा नियम मांडला त्याच्याही पुढ्यात सावकाराची वही होती. तुमच्या लेकीनं ती वही उघडून विचारलं, यात गुणाकार कुठे बसतो? योग्य जागी बोट ठेवलं तिनं.

तिला आणखी एक गोष्ट सांगा. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात माकडांचं एक गणित आहे. माकडांच्या कळपाचा पाचवा भाग घेतला, त्यातून तीन कमी केले, जे उरलं त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक माकड बाहेर फांदीवर दिसतंय. तर कळपात एकूण किती?

उत्तर ५०. पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, सातचा वर्ग एकोणपन्नास, आणि फांदीवरचं एक. पण दुसरंही उत्तर निघतं, ५. पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, उणे दोनचा वर्ग चार, आणि फांदीवरचं एक, झाले पाच. दोन्ही उत्तरं गणितात चोख बसतात. उणे दोनचा वर्ग अधिक चार होतो, हे भास्कराचार्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते म्हणतात की दुसरं उत्तर घेऊ नये, कारण एका माकडातून तीन माकडं वजा करणं लोकांच्या मनाला पटत नाही. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं मठ काढला, आणि त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आजही आहे, तो एवढा मोठा गणिती ऋण संख्येपाशी येऊन लोकांचा विचार करतो. आपली सातवीतली मुलगी तिथे अडखळली, तर ती आईवर गेली म्हणून नव्हे. ती जागाच अडखळायची आहे.

इथे मला माझं एक सांगायचं आहे. मी अठ्ठावीस वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवलं. सुरुवातीची काही वर्षं मीही या धड्यात ‘नियम आहे’ म्हणून पुढे जात असे. एकदा एका मुलानं जवळजवळ तुमच्या लेकीसारखाच प्रश्न विचारला आणि मी त्याचं बोलणं मध्येच तोडलं, पोर्शन राहिला होता म्हणून. त्यानंतर वर्षभर त्या मुलानं माझ्या तासाला हात वर केला नाही. ते मला अजून लागतं. तुमचं पत्र वाचताना तोच आठवला.

आता तुमचा पाव इंच.

‘एवढंच मला येणारं गणित’ असं तुम्ही लिहिलंत. त्या एवढ्याशामध्ये काय काय आहे ते बघा. चोवीस इंच कमरेचा पूर्ण घेराचा, म्हणजे पूर्ण वर्तुळाच्या कापडाचा, फ्रॉक घेऊ. सहावा भाग चार इंच. कापडाची चौघडी घालता, मिटलेल्या कोपऱ्यावर टेपचं टोक अंगठ्यानं दाबता, चार इंचांवर खडू धरता आणि टेप फिरवता. टेप ताणलेला राहतो, खडू फिरतो, कमान उमटते. एका ठरलेल्या जागेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर, ही वर्तुळाची व्याख्या. तुमचा अंगठा ती रोज लिहितो.

पण सहावाच भाग का? लेकीच्या कंपासपेटीतला कंपास घ्या. एक वर्तुळ काढा. कंपासचं तोंड तेवढंच ठेवून त्याचं टोक वर्तुळावर टेका आणि वर्तुळावरच पावलं टाकत जा. एक, दोन, तीन… सहाव्या पावलाला जिथून निघालात तिथेच परत याल, केसाचाही फरक नाही. सहा पाकळ्यांचं फूल असंच काढतात, तुम्हीही शाळेत वहीच्या मागच्या पानावर काढलं असेल. मधल्या टोकापासून वर्तुळापर्यंतचं अंतर वर्तुळाभोवती सहा वेळा बसतं. तुमचा ‘सहावा भाग’ या फुलातून आलेला आहे.

आता ती सहा पावलं सरळ रेषांनी जोडा. षटकोन होईल. वर्तुळ मात्र प्रत्येक रेषेच्या बाहेरून थोडं फुगून जातं. सरळ वाटेनं गेलं तर अंतर कमी, वळणाच्या रस्त्यानं जास्त, तसंच हे. म्हणजे वर्तुळाचा घेर सहा पावलांपेक्षा थोडा जास्त भरणार. चार इंचांवर कापलंत तर कमरेचं भोक चोवीस नाही, पंचवीस इंचांच्याही थोडं वर जातं. पावणेचारवर कापलंत तर साडेतेवीसच्या जरा वर, आणि तिरक्या धाग्यावर कापड ताणतं म्हणून ते चोवीसला बसतं. शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, किती सोडायची ते तुमचा हात वेगळं सांभाळतो, ते इथे बाजूला ठेवलं आहे. तो पाव इंच म्हणजे सरळ रेषा आणि वळण यांतला फरक. तुम्हाला तो कुणी शिकवला असेल, किंवा दोन-चार फ्रॉक कमरेत ढिले होऊन हाताला कळला असेल. कळला हे नक्की.

याच षटकोनापासून ग्रीक गणिती आर्किमिडीज निघाला होता. इसवी सनाच्या आधीच्या तिसऱ्या शतकात, सिसिलीतल्या सिराक्यूजला. त्यानं सहा बाजूंच्या बारा केल्या, बाराच्या चोवीस, मग अठ्ठेचाळीस, मग शहाण्णव. बाजू वाढतील तसं वळणाच्या आणखी जवळ. वर्तुळाचा घेर त्याच्या व्यासाच्या ३ १/७ पटीपेक्षा कमी आणि ३ १०/७१ पटीपेक्षा जास्त असतो, इथवर तो पोहोचला. आपल्याकडे आर्यभटांनी ४९९ साली सांगितलं की व्यास २०,००० असेल तर परिघ ६२,८३२, आणि सोबत शब्द वापरला ‘आसन्न’, म्हणजे जवळ पोचणारा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दोन आकडे दिले : सूक्ष्म हवा तर ३९२७/१२५०, आणि स्थूल, व्यवहाराला चालेल असा, २२/७. व्यवहारयोग्य हा त्यांचाच शब्द. तुमचा पाव इंच कमी करून घेतलेला सहावा भागही व्यवहारयोग्यच, कापडाला पुरेल इतका.

पुढे १७६१ मध्ये युरोपातल्या लँबर्ट या गणितीनं सिद्ध केलं की हा आकडा, म्हणजे घेर भागिले व्यास, ज्याला पुस्तकात π (पाय) म्हणतात, कुठल्याही दोन पूर्ण संख्यांच्या भागाकारात बसतच नाही. दशांशचिन्हानंतर तो संपत नाही, आणि त्यात एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो असंही होत नाही. हे कुठलाच टेप दाखवू शकणार नाही, कारण टेप सोळाव्या भागाच्या पुढे जात नाही. इथवर हातानं आणलं, इथून पुढे हात सुटतो आणि विचार एकटा चालतो. ज्या रस्त्यानं तो निघाला त्याचं पहिलं टोक मात्र तुमच्या अंगठ्याखाली आहे.

लेकीनं विचारलं ना, खरं की बनवलेलं? मी तिला असं सांगेन. निघतं खऱ्यातून. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडतो, दोरीला टांगलेलं वजन. ‘लंब’ या शब्दाचा अर्थच लोंबणारा. पुस्तकात वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला ‘जीवा’ म्हणतात, ती धनुष्याची दोरी. बेरजेत आपण ‘हातचा एक’ घेतो, तो खरंच हाताच्या बोटावर धरायचा. आणि मग माणसं त्यात भर घालतात. तीन वेळा दोन उतरलं तर उणे सहा, दोन वेळा तर उणे चार, एक वेळा तर उणे दोन, शून्य वेळा तर शून्य. दर पायरीला दोननं वाढतंय. आता उणे एक वेळेला काय ठेवायचं? अधिक दोन ठेवलं तर जिना तसाच पुढे जातो. उणे दोन ठेवलं तर जिना तिथेच मोडतो. अधिक दोन ठेवायचं हे माणसांनी ठरवलं, पण मनाला येईल तसं नाही ठरवलं, जिना मोडू नये म्हणून ठरवलं. आणि उदबत्तीनंही तेच उत्तर दिलं. मला या जुळण्याचं आजही नवल वाटतं. इतकी वर्षं शिकवूनही ते कमी झालेलं नाही.

मात्र एक गैरसमज होऊ देऊ नका. हाताला अनुभव आहे म्हणजे वहीतलं गणित आपोआप येईल, असं होत नाही. १९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ ते पंधरा वर्षांची ही मुलं रस्त्यावर, बाजारात माल विकायची. अभ्यासक गिऱ्हाईक म्हणून गेले. बारा वर्षांच्या एकाला विचारलं, ३५ चा एक नारळ, तर दहाचे किती? तो म्हणाला, तिनाचे १०५, अजून तीन घेतले तर २१०, अजून तीन म्हणजे ३१५, आणि एक, झाले ३५०. दहानं गुणताना पुढे शून्य लावायचं, हे त्यानं वापरलंच नाही, तरी उत्तर चोख. बाजारात या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या उदाहरणांसारखी दिली, तेव्हा ३७ टक्के. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही तेच : बाजारातला गुंतागुंतीचा हिशोब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या साध्या गणितात अडतात. आणि शाळेतली मुलं वहीतलं सोडवतात, पण बाजारातल्या हिशोबात मागे पडतात.

तुमच्या घरात या दोन्ही बाजू एकाच खोलीत बसल्या आहेत. तुमच्या हाताला येतं, पण त्याला गणित म्हणतात हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. लेकीला चिन्हं येतात, पण ती कशाची हे तिला कुणी सांगितलं नाही. मधला पूल आपोआप बांधला जात नाही. तो बोलून बांधावा लागतो. म्हणून तिला गणित शिकवायचा प्रयत्न करू नका. कापताना तुम्ही काय करता ते मोठ्यानं बोला, आणि तिला ते लिहायला सांगा.

सुरुवात तुमच्या मापवहीपासून करा. ब्लाउजला तुम्ही छातीचा चौथा भाग घेत असाल, त्यात अर्धा इंच सैलपणासाठी आणि वर माया. छत्तीस असेल तर नऊ अधिक अर्धा अधिक माया. बत्तीस असेल तर आठ अधिक अर्धा अधिक माया. लेकीला विचारा, कुणाचीही छाती असली तरी चालेल असं एकदाच कसं लिहू? ती ‘छ’ लिहील, किंवा क्ष. ज्या बाईचं माप अजून घेतलंच नाही तिच्यासाठीही कापड कसं कापायचं ते ‘छ’ सांगतो. हेच बीजगणित. आपल्या जुन्या गणितींनी अज्ञात राशींना रंगांची नावं दिली होती : कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, लाल. तुमच्या रिळांच्या डब्यात चारही सापडतील. तिला रिळं पुढ्यात ठेवून समीकरण मांडावंसं वाटलं तर मांडू द्या.

सासूबाईंनाही यात घ्या. त्यांना कदाचित सवायकी, दीडकी, औटकी, म्हणजे सव्वाचे, दीडचे, साडेतीनचे पाढे, अजून येत असतील. विसांनी मोजता येत असेल, तीन विसा आणि पाच. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली, हे त्यांनी धान्य ओतून पाहिलेलं असेल. चिपटं म्हणजे शेराचा चौथा भाग, हे लेक त्यांच्याकडून ऐकेल तेव्हा अपूर्णांकांचा धडा सोपा जाईल, आणि आजींनाही कळेल की नात नक्की कुणावर गेली आहे.

क्लासचं म्हणाल तर निदान या सत्रात लावू नका. तिला सराव कमी पडलेला नाही. तिचा प्रश्न अर्धवट राहिला आहे. क्लासमध्ये तोच नियम आणखी वेगानं सांगतील आणि प्रश्न आणखी खोल जाऊन बसेल. सहामाहीपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास मशीनशेजारी बसवा. मग बघा, आणि तेव्हाही अडत असेल तर क्लासचा विचार जरूर करा. सरांवर राग धरू नका. एकेका वर्गात पन्नास-पन्नास मुलं असतात आणि वेळेचं भान ठेवावं लागतं, हे मी भोगलं आहे. उदबत्तीचा कागद लेकीनं त्यांना नेऊन दाखवावा, भांडायला म्हणून नाही, दाखवायला म्हणून. बहुतेक शिक्षकांना ते आवडतं.

आणि नियम पाठही करायचा बरं का. परीक्षेत प्रत्येक वेळी उदबत्ती लावता येत नाही. समजलेलं पाठ केलं की ते सुटत नाही, एवढाच फरक. पाढेही तसेच.

एक काम तुमच्या दोघींसाठी देऊन ठेवते. पूर्ण घेराऐवजी अर्ध्या घेराचा परकर शिवायचा आहे, म्हणजे कापड पूर्ण वर्तुळाचं नाही, अर्ध्या वर्तुळाचं. कमर तीच, चोवीस. इथे कमरेचा सहावा भाग चालणार नाही. मग कितवा घ्यायचा, आणि त्यातून पाव इंच कमी करायचा की त्याहून जास्त, हे तिला काढू द्या. तुम्हाला उत्तर माहीत असलं तरी सांगू नका. आधी जुन्या वर्तमानपत्रावर काढू द्या, कापलेल्या कमानीवर टेप फिरवून चोवीस भरतात का ते तिलाच बघू द्या. नाही भरले तर दुसरा कागद. भरले की कापड पुढ्यात ठेवा, आणि कात्री तिच्या हातात द्या.